बीजं खराब झालीत, हे ठरवलं कुणी?

निफाड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३१, लग्नाला सहा वर्षं. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग, जोडीला थोडा कांदा. ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला फवारणीचा ब्लोअर नवरा चालवतो. औषध मोजायचं, बादलीत कालवायचं आणि टाकीत ओतायचं काम लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी दिवस गेले होते, पण सातव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर काही राहिलं नाही. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये रक्त तपासलं, एएमएच १.१ आलं. तिथे सांगण्यात आलं, "बीजं कमी आहेत, दर्जाही नसणार, दुसरीचं बीज घ्यायचा विचार करा." रात्री फोनवर वाचताना त्यांना उंदरांच्या आणि डुकरांच्या स्त्रीबीजांवर कीटकनाशकांचे प्रयोग झाल्याचं दिसलं आणि झोप उडाली. सासूबाई त्यांच्या काळातल्या कीटकनाशकाचं नाव घेऊन म्हणतात, "आम्ही एंड्रीन हातानं कालवायचो, चार लेकरं झाली." नवरा म्हणतो, बागेवर कर्ज आहे, औषध मारल्याशिवाय माल येत नाही. त्यांचे प्रश्न असे: माझी बीजं औषधानं खराब झाली का? वर्षभर पुण्याला भावाकडे जाऊन राहू का? दुसरीचं बीज घेऊ का? आणि पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात: घरची द्राक्षं खाऊ का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून आणि दुसऱ्यांदा तुमचं एकच वाक्य पुन्हा बघायला. तुम्ही लिहिलंय, "माझ्यामुळे घराला मूल नाही, हे आता रिपोर्टनं सिद्ध झालं." रिपोर्टमध्ये असं काहीही नाही. एएमएच हे रक्तातल्या एका संप्रेरकाचं माप आहे. अंडाशयात वाढीला लागलेल्या बारीक पुटिका, म्हणजे बीजांच्या पिशव्या, किती आहेत, त्याचा अंदाज त्यावरून येतो. त्या पुटिकांमधल्या बीजांचा दर्जा त्यातून कळत नाही. कणगीत किती पोती आहेत ते बाहेरून सांगता येतं, दाणा कसा आहे ते नाही, तसंच हे. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल होण्यासाठी नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांचा. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. तुमची परिस्थिती हुबेहूब त्यांच्यासारखी नाही हे मान्य. पण १.१ या आकड्यावरून "दर्जा नसणार" असं म्हणणं म्हणजे आकड्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणं आहे. एएमएच कमी असेल तर आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या, वेळी एका खेपेला बीजं कमी मिळतील, एवढं मात्र ते खरंच सांगतं.

दोन वर्षांपूर्वी दिवस गेले होते, ही गोष्ट तुम्ही दुःखाच्या यादीत लिहिली आहे आणि ती तिथलीच आहे. तरी डॉक्टरच्या नजरेनं तिच्याकडे एकदा बघा. तेव्हा तुमचं बीज बाहेर पडलं, नळीत शिरलं, शुक्राणूला भेटलं आणि गर्भ गर्भाशयात रुजला. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण सहा-सातातली एक अशीच गळते. पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांची चुकलेली मोजणी असते. हे बागेत कधीही पाय न ठेवलेल्या बायकांच्या बाबतीतही घडतं.

आता औषधाकडे येते. आपण त्याला "औषध" म्हणतो हीच मोठी गंमत आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना "कुठलं औषध चालू आहे का?" असं विचारलं की अर्ध्या जणी गोळीचं नाव सांगतात आणि अर्ध्या म्हणतात, "आज भुरीचं मारलं." आणि भुरीचं, डावणीचं औषध म्हणजे कीटकनाशक नव्हे, बुरशीनाशक. द्राक्षावर जे मारलं जातं त्यात त्याचाच वाटा मोठा. थ्रिप्स, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी मारतात ती कीटकनाशकं. घड द्रावणात बुडवतात त्या डिपिंगचं जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, तिसरंच, ते झाडाचं संप्रेरक. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीवर पेस्टिंग करतात ते चौथं. तुम्ही प्रयोगांबद्दल वाचलंत ते मुख्यतः कीटकनाशकांचं. म्हणून आधी तुमच्या खोलीतल्या बाटल्यांवरचं बारीक छापील नाव वाचा. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, ते सोडून द्या. "क्लोरपायरीफॉस", "सायपरमेथ्रीन", "इमिडाक्लोप्रिड" असं काहीतरी खाली लिहिलेलं असतं, ते महत्त्वाचं.

त्या प्रयोगांमध्ये केलं काय होतं, ते नीट समजून घेतलंत तर भीतीला जरा आकार येईल. आकार आला की ती हाताळता येते.

स्त्रीबीज टाचणीच्या टोकाएवढं असतं, मिलिमीटरचा दहावा भाग. ते बाईच्या शरीरात दर महिन्याला नव्यानं बनत नाही. तुमची सगळी बीजं तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच तयार झाली. पाचव्या महिन्याच्या सुमाराला तिथे साठ-सत्तर लाख होती. जन्मापर्यंत दहा-वीस लाख राहिली, न्हाण आलं तेव्हा तीनेक लाख. सगळ्या आयुष्यात त्यातली चारशे-पाचशेच बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरतात, औषध असो नसो. आणि ही बीजं अर्ध्यावर थांबलेली असतात. गुणसूत्रं अर्धी करण्याचं काम आईच्या पोटातच सुरू होतं आणि तिथेच गोठतं. तुमचं एखादं बीज ३१ वर्षं तसंच थांबलेलं आहे. ज्या महिन्यात त्याची पाळी येते, त्या महिन्यात बाहेर पडण्याच्या आधीच्या दीड-एक दिवसात ते जागं होतं आणि अडलेलं काम पुढे नेतं. त्यासाठी बीजाच्या आत धाग्यांची एक चाती तयार होते, चरख्याच्या चातीसारखीच दोन्ही टोकांना निमुळती. गुणसूत्रं तिच्या मधोमध रांगेत उभी राहतात आणि धागे त्यांना दोन बाजूंना ओढतात. या ओढाओढीला ताकद लागते. ती बीजातल्या लाखभर आणि त्याहून अधिक सूक्ष्म भट्ट्या पुरवतात, ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात.

प्रयोगशाळेत हा शेवटचा टप्पा बशीत घडवून आणतात. डुकराची अंडाशयं कत्तलखान्यातून मिळतात, त्यांतली कच्ची बीजं काढून साधारण ४४ तास पोषक द्रवात ठेवतात. उंदराच्या बीजाला याच्या निम्माही वेळ लागत नाही. काही बशांत कीटकनाशक घालतात, काहींत नाही, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वेगवेगळ्या गटांतल्या कीटकनाशकांनी, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट (क्लोरपायरीफॉस त्यातलंच), पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रीन त्यातलं) आणि इमिडाक्लोप्रिडच्या जातीच्याही, बीजं पिकण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं आहे. चाती वाकडी होते, गुणसूत्रांची रांग मोडते, भट्ट्या मंदावतात आणि पेशीच्या आत गंज चढावा तसा ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. लहान-मोठ्या उंदरांना तोंडावाटे देऊन केलेल्या प्रयोगांत पुटिका अकाली विरताना दिसल्या आहेत. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही.

पण बशीतल्या बीजाला यकृत नसतं. तुमच्या अंगात गेलेलं सायपरमेथ्रीन यकृत बऱ्यापैकी लवकर मोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. बशीत घातलेलं तिथेच राहतं, आणि तेही बऱ्याचदा माणसाच्या रक्तात सापडतं त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात. ही झाली दिलाशाची बाजू. दुसरी बाजूही सांगते, कारण अर्धवट दिलासा देणं मला आवडत नाही. काही औषधं यकृतातून गेल्यावर उलट जास्त जहाल होतात, क्लोरपायरीफॉस त्यातलं एक. बशीतल्या प्रयोगात हेही दिसत नाही. आणि अंडाशय शरीरापासून वेगळं ठेवलेलं नाही. बायकांच्या पुटिकेतल्या द्रवात डीडीटीच्या घराण्यातल्या रसायनांचे अंश पूर्वीच सापडलेले आहेत. म्हणजे वाट आहे. त्या वाटेनं किती जातं आणि जेवढं जातं त्यानं किती बिघडतं, हा खरा प्रश्न.

माणसांवरचा एक अभ्यास मला या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा वाटतो. बोस्टनच्या एका रुग्णालयात वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या ३२५ बायका काय खातात, याची नोंद ठेवली होती. कीटकनाशकांचे अंश जास्त राहतात अशी फळं-भाज्या दिवसाला दोनाहून अधिक वेळा खाणाऱ्यांना, सगळ्यात कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, दिवस जाण्याची शक्यता १८ टक्क्यांनी आणि मूल हाती येण्याची २६ टक्क्यांनी कमी आढळली. निष्कर्ष २०१७ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. हा फक्त निरीक्षणाचा अभ्यास, त्यातून कारण सिद्ध होत नाही. त्या बायका बागेत राहणाऱ्याही नव्हत्या. पण बाजारातल्या फळावरचा अंश जर लक्षात घ्यावा लागतो, तर बादलीतलं घट्ट औषध उघड्या हातानं ढवळणाऱ्या बाईला "काही होत नाही" असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. तुमची बीजं औषधानं खराब झाली असं म्हणायला काहीही पुरावा नाही. औषधाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही असं म्हणायलाही नाही. आणि हे शोधून काढणारी तपासणी बाजारात नाही. ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा ओळखायला रक्तातलं कोलिनएस्टरेज बघतात, पण ते अलीकडचं सांगतं, आणि मज्जासंस्थेबद्दल सांगतं. लघवीतले अंश काही दिवसांत निघून जातात. कुणी "शरीरातलं विष काढून बीजं शुद्ध करण्याचा" कोर्स देऊ केला तर पैसे खिशातच ठेवा. माझ्याकडे एक जोडपं अशा काढ्यांवर आठ महिने घालवून आलं होतं. औषध कालवणं मात्र त्या आठ महिन्यांत एक दिवसही थांबलेलं नव्हतं.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यावरून फसगत होते. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी ही पद्धत घालून दिली. पण तो रंग ठरतो एकदम पोटात किंवा कातडीवाटे अंगात गेलं तर किती मात्रेत जीव जाईल यावर. म्हणजे अपघात किंवा आत्महत्येच्या मापानं. रोज थोडं थोडं कातडीतून जात राहिलं तर अंडाशयाचं काय, शुक्राणूंचं काय, पोटातल्या बाळाचं काय, याचं उत्तर त्या त्रिकोणात नाही. "निळ्याचं आहे, सौम्य आहे" असं तुम्ही लिहिलंय. निळा म्हणजे मध्यम जहाल, आणि तेही फक्त या एका मापानं.

सासूबाईंचं एंड्रीन. त्यांना खोटं पाडायची गरज नाही, त्यांची चार लेकरं समोर आहेत. पण त्यांच्या पिढीत ज्यांना झालं नाही त्यांची मोजदाद कुणी ठेवली? त्या माहेरी गेल्या किंवा त्यांच्यावर सवत आली, आणि दोष नशिबाला लागला. पहिलं मूल विशीच्या आत व्हायचं, त्या वयाला बीजांचा साठा आणि दर्जा दोन्ही भरात असतो, थोडी नासधूस झाली तरी कळत नाही. शिवाय त्या एकच एंड्रीन नाहीतर बीएचसीची पावडर वर्षातून काही वेळा वापरत असतील. तुमच्या बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारे होतात ते तुम्हीच मोजा, मला सांगायची गरज नाही. सासूबाईंशी भांडू नका. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की तेव्हा हाताला चुरचुरायचं का, चक्कर यायची का. बहुतेक बायका यावर गप्प होतात आणि मग बोलायला लागतात.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलेली गोष्ट. पाच पानं आहेत. त्यात तुमच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, पाळीच्या तारखा आहेत. यजमानांची एकही तपासणी नाही. सहा वर्षांत नाही! ब्लोअरच्या पुढे ट्रॅक्टरवर बसून ढगात फिरणारा माणूस तो, आणि तपासणी सगळी तुमची.

१९७७ ची गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावी एक रसायनांचा कारखाना होता. मुळांवरच्या सूत्रकृमींना मारणारं डीबीसीपी नावाचं औषध तिथे तयार व्हायचं. त्या विभागातल्या कामगारांच्या बोलण्या-बोलण्यात निघालं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना अलीकडे मूलच झालेलं नाही. त्यांनी स्वतःहून तपासणीचा आग्रह धरला. कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अगदी थोडे निघाले, काहींच्यात एकही नाही. दोन वर्षांत अमेरिकेनं ते औषध जवळपास सगळ्या पिकांवर बंद केलं. कमी काळ काम केलेल्यांचे शुक्राणू पुढे भरून आले, जास्त वर्षं काढलेल्या काहींचे आलेच नाहीत. मला दर वेळी वाटतं, तपासणी होईपर्यंत त्यांच्या बायकांना घरात काय काय ऐकावं लागलं असेल. आपल्याकडे बाईला शेताची उपमा देतात आणि पीक आलं नाही की जमीन नापीक म्हणतात. बियाणं उगवतं का हे बघायला शेतकरी पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो, ही अक्कल फक्त घराबाहेर चालते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या जोडीनं. वीर्य तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुई न टोचता होणारी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण एका नमुन्यावर निकाल देत नाहीत. यजमानांना हे पत्र दाखवायचं तर दाखवा. "तुमच्यात दोष आहे का बघू" असं म्हणू नका, पुरुष तिथेच मिटतात. "औषधाचा आपल्या दोघांवर काय परिणाम झाला ते बघू" असं म्हणा. ते खरंही आहे.

तुमच्या बाजूनं काय बघायचं राहिलंय ते थोडक्यात: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पुटिकांची मोजणी, आणि नळ्या मोकळ्या आहेत का. नळ्यांचा विषय आपल्याकडे टाळू नये, कारण गर्भाशयाचा क्षय गुपचूप नळ्या बंद करतो आणि बाईला खोकलासुद्धा येत नाही. आधी गर्भ राहिला होता म्हणून नळ्या आजही ठीकच असतील असं धरून चालता येत नाही.

पुण्याचं. मी तुमच्या जागी असते तर गेले नसते. एक तर यजमान निफाडला आणि तुम्ही पुण्याला, मग दिवस कसे जायचे? दुसरं, भावाच्या फ्लॅटमध्ये रात्रभर डासांचं यंत्र चालू असेल, ओट्याखाली झुरळांचा खडू ओढलेला असेल. ती बागेतल्याच पायरेथ्रॉइड घराण्यातली पोरं आहेत, कमी मात्रेची, पण बंद खोलीत. तिसरं आणि सगळ्यात मोठं, वय. औषधानं बीजावर काय होतं याबद्दल वाद आहे, वर्षं गेल्यानं काय होतं याबद्दल नाही. पस्तिशीकडे जाताना गुणसूत्रांच्या चुका वाढत जातात. एएमएच आधीच खालच्या अंगाला असताना एक अख्खं वर्ष "अंग साफ करायला" देणं मला परवडणारं वाटत नाही.

तीन महिने मात्र द्या. हा आकडा हवेतला नाही. एखादी पुटिका वाढीच्या शेवटच्या लांब टप्प्यात शिरल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत साधारण ८५-९० दिवस जातात. गोठून बसलेलं बीज तुलनेनं निवांत असतं. वाढीला लागलेल्या बीजाभोवतीच्या पेशी भराभर वाढत असतात, खातपीत असतात, संप्रेरकं बनवत असतात, आणि धोका तिथे अधिक. शुक्राणू तयार व्हायलाही अडीच महिने लागतात. म्हणजे आज औषधाचा संपर्क तोडलात तर तीन महिन्यांनी भेटणारं बीज आणि शुक्राणू दोघंही स्वच्छ हवेत वाढलेले असतील. आणि या तीन महिन्यांत सगळ्या तपासण्या होऊन जातील, वेळ फुकट जाणार नाही. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळीही आजच सुरू करा.

संपर्क तोडायचा म्हणजे काय, तर पहिलं म्हणजे तुम्ही औषध कालवणं बंद. अगदी बंद. फवाऱ्याच्या पाण्यात औषध शेकडो पट पातळ झालेलं असतं, बाटलीतून जगमध्ये ओतताना ते घट्ट असतं. दिवसभरातल्या कामांत सगळ्यात धोक्याची ती दोन मिनिटं, आणि नेमकी तीच घरातल्या बाईच्या वाट्याला येतात, कारण "त्यात काय, नुसतं ओतायचं तर आहे". तुमच्याऐवजी मजूर बाईच्या हातात जग देऊ नका, तिलाही अंडाशयं आहेत. यजमानांनीच कालवावं, पण कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे, रबरी एप्रन आणि डोळ्यांना चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून, काठीनं ढवळून. कापडी हातमोजे नकोत, ते भिजले की औषध कातडीला घट्ट धरून ठेवतात. तोंडाला बांधलेल्या रुमालाचंही तेच, वाफ त्यातून आरपार जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे अनेकांच्या अंगावर संरक्षण म्हणून यापेक्षा जास्त काही नव्हतं.

दुसरं कपड्यांचं. गेल्या वर्षी एक बाई माझ्यासमोर बसली होती, तिच्या ओढणीला औषधाचा वास येत होता. ती म्हणाली, मी तर बागेत जातच नाही. खोदून विचारलं तर यजमानांचा फवारणीचा शर्ट झोपायच्या खोलीच्या दारामागे खुंटीला, तिच्या ओढण्यांवरच टांगलेला असायचा, दोन-तीन फवारण्या झाल्या की एकदम धुवायचा म्हणून. आणि धुवायचा तो सगळ्यांच्या कपड्यांत, उघड्या हातांनी घासून. तेव्हा फवारणीचे कपडे घराबाहेरच उतरवायचे, त्याच दिवशी वेगळे धुवायचे, हातमोजे घालून, दोनदा खळखळून, कडक उन्हात वाळवायचे. यजमानांनी अंघोळ करूनच आत यायचं, पाणी बाहेरच्या मोरीत ठेवा.

तिसरं, फवारलेल्या ओळींत फवारा पूर्ण सुकल्याशिवाय, आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, पाऊल टाकायचं नाही. बाटलीवर याहून जास्त अवधी दिला असेल तर तो पाळायचा. विरळणी आणि डिपिंगला बायका ओल्या बागेत शिरतात, घड चेहऱ्यापाशी येतो, बाह्या कोपरापर्यंत भिजतात. वेळापत्रक यजमानांच्या हातात आहे, फवारा मजुरांच्या आधी नव्हे तर नंतर लावता येतो. औषधाची खोली घरापासून वेगळी हवी. तुम्ही लिहिलंय बाटल्या कॉटखाली असतात. त्या आजच हलवा. रिकाम्या बाटलीत तेल, रॉकेल, काही भरायचं नाही. धान्याला लावायच्या गोळ्या, डोक्यातल्या उवांचं औषध, तेही या तीन महिन्यांत विचारल्याशिवाय नको.

कर्जाचं यजमान बोलतात ते खोटं नाही, आणि मी बाग सोडा म्हणत नाहीये. त्यांना फक्त एक आठवण करून द्या. युरोपला माल पाठवायचा असला की शेवटच्या फवाऱ्याची तारीख, काढणीआधीचे दिवस, रेसिड्यूचा रिपोर्ट, सगळं ते काटेकोर ठेवतात. अंश जरा वर गेला तर कंटेनर अडकतो हे त्यांना पाठ आहे. तिकडच्या ताटातल्या घडासाठी जी वही ठेवली जाते, तीच वही, त्याच औषधांची, तुमच्या तपासणीच्या दिवशी माझ्यासारख्या डॉक्टरसमोर ठेवा. कुठलं औषध, कधी, कालवलं कुणी. माझ्या पाहण्यात तरी अशी वही कुणी आणत नाही आणि आम्ही डॉक्टरही मागत नाही. यात चूक आमची जास्त.

दुसरीचं बीज घेण्यात कमीपणा काही नाही. ज्यांची अंडाशयं खरोखर थकलेली असतात त्यांना त्यातून घर भरलेलं मी पाहिलंय. पण ३१ व्या वर्षी, एकदा दिवस गेलेले असताना, नळ्या न बघता, नवऱ्याचं वीर्य न तपासता, केवळ एका आकड्यावर ते सुचवणं म्हणजे दाराला कुलूप आहे का हे न बघताच भिंत फोडायला घेणं आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. क्लिनिकची सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, ते विचारा. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. नळ्या उघड्या आणि वीर्य ठीक निघालं तर काही महिने बीज फुटण्याच्या दिवसांवर लक्ष ठेवून प्रयत्न, मग गरज लागली तर आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, आणि आयव्हीएफ करायचंच झालं तर आधी तुमच्या स्वतःच्या बीजांनी. हाती बीजं कमी येतील कदाचित. एक चांगलं असलं तर पुरतं.

दिवस गेले, आणि ते जातील असं धरूनच मी बोलते आहे, तर त्या नऊ महिन्यांत बागेच्या औषधापासून आणखी लांब राहायचं. पोटात मुलगी असली तर पाचव्या महिन्याच्या आत तिची सगळी बीजं तयार होत असतात. तुमच्या नातवंडांचा निम्मा हिशेब तिथे मांडला जातो. हे सासूबाईंना सांगून बघा. त्यांना हे एंड्रीनपेक्षा लवकर पटेल असा माझा अंदाज आहे.

आणि हो, द्राक्षं. बोस्टनचं वाचून फळं सोडू नका, उपाशी अंडाशयाचंही भलं होत नाही. बाजारातून घड घेणाऱ्याला शेवटचा फवारा कधी झाला हे कळायला मार्ग नसतो, तुम्हाला तारीख माहीत आहे. काढणीआधीचे दिवस पूर्ण भरले असतील त्या ओळीतला घड तोडा, नळाच्या वाहत्या पाण्याखाली मणी चोळून धुवा, मिठाच्या पाण्याचा घोळ घालत बसू नका, आणि खा.